मधला ठिपका

कल्याणच्या जुन्या वाड्यांत ढेकणांचं निदान करायला डॉक्टर लागत नसे. अपरात्री दिवा लावायचा आणि गादीची शिवण उलटायची. आता नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला ढेकणाची शंकासुद्धा येत नाही. 'डासच असतील' म्हणत तो दंड खाजवतो, आणि मग त्वचारोगतज्ज्ञ त्या गांधीवर डर्मोस्कोप टेकवतात.

हे हातात मावणारं भिंग साधारण दहापट मोठं दाखवतं. पण खरी करामत प्रकाशाची! ध्रुवित प्रकाशामुळे कातडीवरची चकाकी गाळली जाते आणि नजर थोडी आत उतरते. सुजेच्या मधोमध बऱ्याचदा टाचणीच्या टोकाएवढा गडद लाल ठिपका दिसतो. ढेकणाची सोंड शिरली ती जागा. त्या सोंडेत दोन नळ्या असतात, एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून रक्त वर येतं. लाळेत रक्तवाहिन्या रुंदावणारा नायट्रिक ऑक्साइड असतो, रक्त गोठू न देणारी द्रव्यंही असतात. पाच-दहा मिनिटांत पाहुणा जेवून पसार.

काचेची पट्टी दाबून पाहा. भोवतालची लाली विरते, कारण ते रक्त वाहिन्यांत आहे, दाबलं की सरकतं. मधला ठिपका मात्र ढिम्म राहतो, ते रक्त वाहिनीबाहेर सांडलेलं! सावळ्या कातडीत लाली लपते, तिथे भिंग विशेष उपयोगी.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक तर लेझरने, कुठेही न कापता, कातडीचे आडवे थर दाखवतो. साधारण पाव मिलिमीटर खोलपर्यंत, पेशी न् पेशी.

एवढं करून गुन्हेगाराचं नाव कळतं का? नाही. असा ठिपका पिसवाही ठेवून जातात. खरजेचा किडा कातडीतच बिऱ्हाड करतो, म्हणून भिंगाखाली तो चक्क तपकिरी त्रिकोणासारखा सापडतो. ढेकूण मागे थांबत नाही. शिवाय गांध उठवतं आपलंच शरीर. एकाच गादीवर दोघं झोपले तरी एकाच्या अंगावर काहीच नसतं, आणि पहिल्यांदा चावल्यावर गांध कधी कधी कित्येक दिवसांनी उठते. तोवर प्रवासातला मुक्काम विसरलेला असतो, आळ येतो घरच्या पलंगावर.

म्हणून डॉक्टर भिंग खाली ठेवून विचारतात, "गेल्या आठवड्यात कुठे झोपला होतात?" आणि घरी जाऊन मोबाइलच्या उजेडात गादीची शिवण बघायला सांगतात. तिथले काळे ठिपके ओल्या फडक्याने पुसले आणि तांबूस डाग पसरला, तर ते पचलेलं रक्त.