मोफत म्हणजे हलकं नव्हे

‘फुकटचं पुस्तक ते, त्यात काय असणार?’ मुक्त शैक्षणिक साहित्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं, आणि त्याला कुणी पुरावाही मागत नाही. पुस्तकाचा दर्जा ठरतो लिहिणाऱ्याच्या अभ्यासावर आणि तपासणाऱ्याच्या काटेकोरपणावर. छापील किमतीत कागद, वितरण आणि नफा यांचा हिशेब असतो. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ची पाठ्यपुस्तकं २०१२पासून मोफत मिळतात. ती विषयाचे प्राध्यापकच लिहितात, दुसरे प्राध्यापक तपासतात. खर्च बहुतांशी देणग्यांतून निघतो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चा सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ तज्ज्ञ तर तपासतातच, पण विषयात नवख्या माणसाला तो ऐकून जमतो का, हेही आधी पाहिलं जातं. बाजारातल्या किती गाईडांची अशी परीक्षा होते? मुक्त साहित्यातही टाकाऊ माल आहे, हे खरंच. तो ओळखण्याचं काम शिक्षकाचं, विकतच्या पुस्तकाबाबत आहे तसंच. आता पुरावा. ‘एईआरए ओपन’ या नियतकालिकात २०१९ साली २२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात लाखभर विद्यार्थी होते. मुक्त आणि विकतची पुस्तकं वापरणाऱ्यांच्या शिकण्यात फरक आढळला नाही; मुक्त पुस्तकं असलेल्या वर्गांत विषय अर्धवट सोडण्याचं प्रमाण मात्र कमी होतं. मग फरकच नसेल तर फायदा काय, असं विचारणाऱ्यांनी पुस्तकांचा खर्च कोणाच्या घरातून जातो ते पाहावं.

खरा लाभ मात्र पैशांच्याही पलीकडचा आहे: बदल करण्याचा हक्क. ओपनस्टॅक्सच्या जीवशास्त्रात परिसंस्थेची बरीच उदाहरणं अमेरिकेतली आहेत. या पुस्तकाचा परवाना बदलाला मुभा देतो, म्हणून रत्नागिरीतला शिक्षक मूळ लेखकांचं नाव आणि परवान्याच्या अटी पाळून तिथे जांभ्याचे सडे, त्यांवरची पावसाळी फुलं आणि खाडीकाठची कांदळवनं घालू शकतो, मराठीत आणू शकतो. विकतच्या पुस्तकात यातलं काहीच प्रकाशकाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आणि म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ म्हणजे मुक्त साहित्य नव्हे. मुक्त म्हणजे लेखकाने परवान्याने स्वतः दिलेलं. लेखक हक्क गमावतो, हाही गैरसमज. क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्यात स्वामित्वहक्क त्याच्याकडेच राहतो. सगळं इंग्रजीतच आहे, हेही अर्धसत्य. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही ऐकता येतात, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. फुकटच्या शिक्षणाला मान्यता नसते, असं म्हणणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२१चा नियम आहे: सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून पूर्ण करता येतात.

येत्या सत्राची पुस्तकयादी काढताना प्राध्यापकांनी प्रत्येक विषयात निदान एक मुक्त पुस्तक वाचून पाहावं. नाकारायचं असेल तर ते वाचल्यावर नाकारावं.