अजीजियातला बकालावाला

मक्केत किराणा दुकानाला ‘बकाला’ म्हणतात, हे आईने पहिल्याच दिवशी शोधून काढले. कोकणातून निघताना तिने सामानात तांदळाचे पीठ, कोकम, सुकट सारे भरले होते. राहिला तो नारळ. आमचा मुक्काम अजीजियात होता, म्हणजे हरमशरीफ आणि मिना यांच्या मधल्या वस्तीत. इमारतीच्या खालीच एक चिंचोळा बकाला. तिथल्या साठीच्या गृहस्थाने नारळाच्या दुधाचा डबा पुढे केला. आई म्हणाली, “डब्यातला नारळ? त्यापेक्षा नसलेला बरा!”

दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर एक शेंडीवाला नारळ ठेवलेला होता. पैसे मात्र त्याने चोख घेतले.

ही 2010 सालची गोष्ट. त्या काळी मेहरमशिवाय बाईला हजला जाता येत नसे. हा नियम नंतर सैल झाला. माझे वडील हयात नव्हते, म्हणून आईबरोबर मी गेलो. खरे सांगायचे तर माझ्या मनात हजपेक्षा आईच्या गुडघ्यांची काळजी जास्त होती. आणि आईच्या मनात आणखीच वेगळे काहीतरी होते, ते तिने मला नाही, त्या दुकानदाराला आधी सांगितले.

तो मूळचा हद्रमौतचा, म्हणजे येमेनचा. त्याचे वडील मक्केत येऊन दुकानात बसले, मग हा बसला. हिंदी हाजींशी व्यवहार करता करता मोडके उर्दू शिकला. आई अर्धे मराठी, अर्धे उर्दू बोलायची. दोघांचे जमले कसे, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मला तो ‘सदीक’ म्हणायचा. सदीक म्हणजे मित्र, पण तिकडे हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक कामगाराला, ड्रायव्हरला सर्रास लावतात, त्यामुळे मी तो मनावर घेतला नव्हता.

त्या वर्षांत अजान झाली की दुकाने बंद करण्याची सक्ती असे (2021 मध्ये ती शिथिल झाली). एकदा इशाच्या अजानीला त्याने शटर अर्धे ओढले, पण आई स्टुलावरून उठेना. ती सांगत होती, “माझे बाबा 1961 साली जहाजाने हजला आले. मी नऊ वर्षांची होते. गावची माणसे परत आली, बाबांची वळकटी घेऊन. मुअल्लात दफन केले म्हणाले.”

मी थक्क झालो. आजोबा ‘हजला वारले’ एवढेच घरात बोलले जाई. हरममध्ये फर्ज नमाजेनंतर बहुतेक वेळा जनाज्याची नमाज होते आणि आई प्रत्येक वेळी का रडते, ते मला त्या रात्री कळले.

दुकानदार काही बोलला नाही. गल्ल्याखालून एक पत्र्याची पेटी काढून त्याने प्लॅस्टिकमध्ये ठेवलेली नोट दाखवली. दहा रुपयांची. तिच्यावर इंग्रजीत ‘हज’ छापलेले. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास हाजींसाठी अशा नोटा काढल्या होत्या. नंबरच्या आधी ‘एचए’ ही अक्षरे असत. त्याच्या वडिलांना ती कुणा हिंदी हाजीने उधारीपोटी दिलेली. “हे काय लिहिलं आहे?” देवनागरीवर बोट ठेवून त्याने विचारले. इतकी वर्षे जपलेली नोट, पण त्याला ते वाचून दाखवणारे कुणी भेटले नव्हते की त्याने कुणाला विचारलेच नव्हते, कोण जाणे. आईने वाचले, “दस रुपये.”

“ही बाबांचीही असेल,” आई नंतर मला म्हणाली. असेल कशी? हजारो हाजी येत. पण मी तसे बोललो नाही.

हजचे दिवस जवळ आले तशा आमच्या हरमकडे जाणाऱ्या बस थांबल्या. एका पहाटे फजरनंतर दुकानदार आपली मालाची गाडी घेऊन दाराशी उभा राहिला. जन्नतुल मुअल्लात बायकांना आत जाऊ देत नाहीत. आई बाहेर, भिंतीलगत थांबली. आम्ही दोघे आत गेलो. ओळीने कबरी, उशाला साधे दगड, नाव कुठेच नाही. त्याने आजोबांचे नाव विचारले, दोनदा म्हणून घेतले आणि उभ्यानेच दुआ केली.

परतताना माझ्यापुढे पेच होता, आईला काय सांगायचे? ‘सापडली कबर’ असे सांगावे, असे वाटून गेले. त्याने मला बोलूच दिले नाही. आईला सरळ म्हणाला, “हाज्जा, कोणती ते कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच सलाम केला. नाव तुमच्या वडिलांचं घेतलं.”

आई बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. गाडीत बसल्यावर तिने त्याला विचारले, “दुकान किती वेळ बंद ठेवलंस?” तो हसला.

मदीनेला निघायच्या दिवशी ती हिशेब चुकता करायला गेली. त्याने पुन्हा ती नोट काढली आणि स्वतःच वाचायला लागला, “दस रुबये.” अरबीत ‘प’ नाही. आई त्याला शाळेतल्या बाईंसारखी दुरुस्त करीत होती, “रुबये नाही, रुपये. रुपये.” वर बसवाला हॉर्न वाजवीत होता, आणि मी हातात दोन पिशव्या घेऊन उभा होतो.