वार, माधुकरी आणि वसतिगृह

परगावी राहून शिकणाऱ्या मुलापुढे पुस्तकांच्या आधी दोन प्रश्न उभे राहतात. निजावे कोठे आणि जेवावे कोठे? पहिला प्रश्न तितकासा अवघड नसतो. एखाद्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, ओळखीच्या घरचा माळा, असे काही तरी मिळून जाते. दुसरा प्रश्न मात्र दिवसातून दोनदा विचारला जातो, आणि तोही पोटाकडून!

पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय. इंग्रजी शिक्षणासाठी कोकणातून आणि देशावरून मुले पुण्यास येऊ लागली. त्यांतील कित्येकांच्या घरी अठरा विश्वे दारिद्र्य असे. खानावळीचे पैसे कोठून आणावयाचे? अशी मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे आठवड्याची सात घरे ठरवून घ्यावयाची. त्या दिवशी त्या घरी मुलाचे पान मांडले जाई. सातही वार जमले म्हणजे मुलाचे भाग्य थोर! पुष्कळदा पाच-सहाच वार जमत. एखाद्या घरी सुतक आले किंवा मंडळी गावाला गेली, तर तो वार बुडे आणि मुलास चणे-कुरमुरे खाऊन शाळेत बसावे लागे.

ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. सोवळे नेसावे, हाती झोळी घ्यावी आणि ठरलेल्या घरांच्या दाराशी उभे राहून 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणावे. कोणी भात वाढी, कोणी पोळी, कोणी आमटी. एका घरची आमटी तिखट तर दुसऱ्या घरची गोड; दोन्ही एकाच भांड्यात पडत आणि जी चव होई ती मुकाट्याने घ्यावी लागे. वाढणाऱ्या गृहिणींपैकी अनेकींच्या मनात खरी माया असे. ताजी पोळी त्या मुद्दाम बाजूला ठेवीत. पण दररोज दुसऱ्याच्या दारात उभे राहावयाचे, आणि आत आपल्याच वर्गातला मुलगा पाटावर बसून जेवत असावयाचा, यातील संकोच त्या मायेने नाहीसा होत नसे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाराची आणि माधुकरीची ही दारे ब्राह्मणाच्या मुलालाच उघडत. कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा किंवा मांगाचा मुलगा पुण्यास शिकावयास आला, तर त्याने कोणाच्या ओसरीवर पथारी टाकावी? महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात त्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला.

पुढे १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. निराधार मुलांना एका छपराखाली आणून शिकवावे, हा त्याचा हेतू. एकट्या मुलाने गल्लोगल्ली हिंडणे निराळे आणि सोबत्यांबरोबर एका घरात वाढणे निराळे. ही संस्था आज पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखली जाते.

इकडे पुण्यात हे घडत असता दक्षिणेस कोल्हापुरात याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा आणि पैसा दिला. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या काळी हे फार मोठे काम होते. तथापि प्रत्येक समाजाचे छप्पर निराळे आणि पंगतही निराळी.

त्या वेळी कुंभोज गावचा भाऊराव पाटील हा विद्यार्थी कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो हौसेने गेला. परत येताच त्यास सांगण्यात आले, "आंघोळ केल्यावाचून पंगतीत बसता येणार नाही." माणसांच्या समारंभास जाऊन आल्यावर आंघोळ कशासाठी? भाऊरावाने साफ नकार दिला आणि त्यास वसतिगृह सोडावे लागले.

हेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून प्रसिद्ध झाले. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. येथे सर्व जातींची आणि धर्मांची मुले एकत्र राहत. आणि येथे नोकर नव्हते! झाडलोट, पाणी भरणे, लाकडे फोडणे, शेतात राबणे, स्वयंपाक करणे, सारी कामे मुलेच करीत. ज्याच्या हातचे पाणी गावात कोणी पीत नसे, त्याच्या हातची भाकरी येथे सगळे मिटक्या मारीत खात. भाकरी करपली तर करणाऱ्याची थट्टा होई. त्याची जात कोणी काढीत नसे.

हा संसार चालविणे सोपे नव्हते. खेड्यांतील बाया दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढीत आणि ते वसतिगृहास पोहोचे. तरीही कणगी रिकामी होई. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने एकेक करून दिले; शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या.

साताऱ्याची ही पंगत लवकरच पुण्यातही बसली. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात, महात्मा गांधींचे उपोषण चालू असता, त्यांच्यात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांत समझोता घडून आला. तो पुणे करार होय. त्या ऐक्याचे स्मरण म्हणून भाऊरावांनी त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. ज्या शहरात जेवणाचा वार जात पाहून मिळत असे, त्या शहरात सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न खाऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. तिच्या वसतिगृहांत आता मुलींचीही सोय आहे.

वार आणि माधुकरी आज इतिहासजमा झाली आहे. सदाशिव पेठेच्या ज्या बोळांतून झोळ्या हिंडत, तेथे आता अभ्यासिका आहेत, आणि परगावची मुले-मुली महिन्याचे पैसे भरून मेसमध्ये जेवतात. परंतु २०१८ साली मराठवाड्यात पाऊस फार कमी झाला. गावाहून पैसे येईनात. पुण्यात शिकणारी कित्येक मुले एक वेळ जेवून राहू लागली. हे कळताच शहरातील काही संस्था पुढे आल्या आणि त्या मुलांना जेवणाचे डबे विनामूल्य पोहोचते होऊ लागले.