पडद्यावरची कृती जिफमध्ये कशी पकडायची?

‘सेटिंगमध्ये जा, डावीकडचं तिसरं बटण दाबा’ असं फोनवर आपण कुणाला ना कुणाला समजावलेलं असतं. दहा मिनिटं बोलूनही समोरच्याला ते बटण सापडत नाही. तीच कृती पाच सेकंदांच्या हलत्या चित्रात दाखवली की काम होतं. पण त्या चित्रातली अक्षरं वाचता यायला हवीत, आणि फाइल मोबाइलवर चटकन उघडायला हवी. आज हे लिनक्सवर, टर्मिनलमधून चालणाऱ्या एफएफएमपेगने करून बघू.

जिफ हे १९८७ सालचं स्वरूप. त्यात एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. आम्ही आधी पडद्यावरून थेट जिफच बनवत होतो. तेव्हा अक्षरांभोवती बारीक ठिपके यायचे. असं का? कोणते रंग लागणार हे आधी माहीत नसल्याने एफएफएमपेग एक ठरावीक रंगपेटी घेतं, आणि जो रंग तिच्यात नाही तो ठिपके मिसळून भासवतं.

म्हणून काम तीन टप्प्यांत करायचं.

पहिला टप्पा, चित्रण. एक्स११ग्रॅब वापरून दर्जा न घटवता व्हिडिओ घ्या. पूर्ण पडदा नको, हवी तेवढीच चौकट घ्या. पूर्ण पडदा घेऊन नंतर लहान केला तर अक्षरं पुसट होतात. थांबवायला क्यू दाबा. वेलँडवर मात्र एक्स११ग्रॅब चालत नाही, तिथे एक्स११चं सत्र लागतं.

दुसरा टप्पा, रंगपेटी. पॅलेटजेन हा फिल्टर सगळा व्हिडिओ बघून त्यातलेच रंग निवडतो.

तिसरा टप्पा, जिफ. पॅलेटयूजने ती रंगपेटी लावा आणि ठिपके मिसळणं, म्हणजे डिदर, बंद ठेवा. जिफची दाबणी सलग एकाच रंगावर उत्तम चालते. ठिपके आले की सलगपणा तुटतो आणि फाइल फुगते. बटणं आणि मेनू दाखवायला सेकंदाला १० चित्रं पुरतात. पाच सेकंदांची झाली ५०. तीसच्या वेगाने तीच १५० झाली असती.

आणि हो, पाठवण्याआधी जिफ एकदा शेवटपर्यंत बघा. कोपऱ्यात आलेला एखादा खासगी संदेशही त्यात चित्रित झालेला असू शकतो.