मिरजेची तालीम आणि लाहोरची शाळा

घरंदाज कुटुंबातील मुलामुलींनी फी भरून, ठराविक वेळी शाळेत जाऊन गाणे शिकावे आणि वर्षाकाठी त्याची परीक्षा द्यावी, यात आज कोणासही नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ही कल्पना उपहासास पात्र ठरली असती. गाणे हे मैफलीत ऐकावयाचे, वाखाणावयाचे. पण गवयाला पंक्तीला बसवावयाचे नाही, अशी तेव्हाची रीत होती. ही रीत मोडण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर कृष्णाकाठचेच होत.

त्यांचे घराणे मूळचे गाडगीळांचे. पलूस या गावावरून ते पलुसकर झाले. पलूस आज सांगली जिल्ह्यात आहे. पूर्वी हा भाग सातारा जिल्ह्यात मोडत असे. विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. तेव्हा सूर, ताल आणि संतांची पदे ही मुलाच्या कानावर पाळण्यापासूनच पडली. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. मिरजेस उपचार चालू असता, या मुलाने गाणे शिकावे, असा विचार पुढे आला. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी आश्रय दिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती त्यास सोपविले.

बाळकृष्णबुवा हे सामान्य गुरू नव्हेत. ख्यालगायकीची विद्या तेव्हा महाराष्ट्रात दुर्मिळ होती. बुवांनी घरदार सोडून, हालअपेष्टा सोसून ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांजपाशी ती संपादन केली आणि दक्षिणेत आणली. साताऱ्याकडील किन्हईचे अनंत मनोहर जोशी हेही त्यांचेच शिष्य. बुवांची शिकविण्याची पद्धत जुनी होती. शिष्याने गुरुगृही राहावे, सेवा करावी, पहाटेपासून स्वर घोटावा. गुरूची मर्जी लागेल तेव्हा मिळेल ती चीज कानाने टिपावी आणि गळ्यात बसवावी. लिहून घेणे नाही, अभ्यासक्रम नाही, मुदत नाही. या तालमीने गळा पक्का होई, गायकी नसानसांत मुरे. परंतु जो गुरुगृही वर्षानुवर्षे राहू शकेल, त्यालाच ती लाभे.

मिरजेतील या वर्षांतच विष्णुपंतांच्या मनाला एक सल लागला. सांगतात की, गावातील एका समारंभाचे आमंत्रण राजाश्रयामुळे शिष्यास आले. गुरूला मात्र कोणी बोलाविले नाही, कारण ते पडले गवई! कलेचा मान राजाच्या मर्जीवर टांगलेला आहे, हे त्यांना उमगले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा या मार्गाने ते बडोद्यास गेले. पुढे ग्वाल्हेर, काठेवाड, मथुरा असा प्रवास झाला. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबाराऐवजी सामान्य रसिकाने दाम मोजून गाणे ऐकावे, यातच पुढच्या कार्याचे बीज होते.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतः विष्णुपंतांच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालत असे. तेथे क्रमिक पुस्तके होती, इयत्ता होत्या, परीक्षा होत्या. स्वर किती मात्रांचा, हे दाखविण्यासाठी पूर्ण, अर्धी, पाव मात्रा यांची निरनिराळी चिन्हे स्वराखाली लिहिण्याची पद्धती त्यांनी बसविली. पुढे भातखंड्यांची सुटसुटीत लिपी अधिक रूढ झाली, हे खरे. परंतु कानाची विद्या कागदावर आणण्याचा हा खटाटोप मोठ्या धैर्याचा होता. ज्या चिजांतील शब्द घरात उच्चारण्यास संकोच वाटे, तेथे त्यांनी भक्तिपर शब्द घातले. तुलसीदासादी संतांची पदे रागांत बांधली. त्यामुळे घरांतील स्त्रियांनाही गाण्याचे दार उघडले. शिवाय होतकरू शिष्यांसाठी ‘उपदेशक वर्ग’ होता. हे शिष्य नऊ वर्षे विद्यालयातच राहत व शिक्षक होऊन बाहेर पडत. मिरजेचे गुरुकुल त्यांनी टाकले नाही. शाळेच्या पोटात ते जपले.

१९०८ साली मुंबईस शाखा निघाली. विद्यालयासाठी मोठी इमारत उभारली गेली, आणि तिच्या कर्जानेच घात केला. अखेर इमारतीचा लिलाव झाला. विष्णुपंतांनी मग नाशिकास रामनामाचा आश्रय घेतला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेसच त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण माणसे उरली. ओंकारनाथ ठाकूर, मिरजेचे विनायकराव पटवर्धन आणि बा. र. देवधर, नारायणराव व्यास यांनी गावोगावी ती विद्या नेली. १९३१ सालीच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढले.

शाळेतून तानसेन निघत नाहीत, असा आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला जाई. तो सर्वस्वी खोटा नाही. घटकाभराच्या वर्गात आणि छापील पुस्तकात बाळकृष्णबुवांची तालीम मावणे शक्य नव्हते. परंतु ऐकणारा जाणता झाल्यावाचून गाणाऱ्याला मान मिळत नाही. गुरूला नाकारलेले आमंत्रण विष्णुपंतांनी राजाकडे मागितले नाही. घराघरांत जाणते श्रोते तयार करून ते त्यांनी साऱ्या गायकवर्गास मिळवून दिले.