आजोबा पेंगत नाहीत!

वाशीमच्या बालाजी मंदिरात दर्शनाला आलेल्या वयस्कर मंडळींकडे एकदा लक्ष देऊन पाहावे. कुणी हनुवटी उंचावून, कपाळाला आठ्या घालून मूर्ती न्याहाळत असते. आपल्याला वाटते, काय ही तल्लीनता! पण एखाद्याच्या वरच्या पापण्या पार बाहुलीवर उतरलेल्या असतात आणि भुवया ताणल्याखेरीज त्याला समोरचे दिसतच नाही. घरी मात्र ‘आजोबा सदा पेंगतात’ असा शिक्का बसलेला!

मोतीबिंदू काढूनही वरच्या बाजूचे दिसत नाही अशी तक्रार असेल, तर बोटाने पापणी हलकेच उचलून धरावी. लगेच दिसू लागले, तर अडथळा पापणीचाच समजावा.

कधी नुसती कातडी सैल होऊन लोंबते. तेव्हा जादा कातडी कापून काढतात. कधी पापणी उचलणाऱ्या स्नायूची पातळ कंडरा वयोमानाने ताणते किंवा सुटते; ती पुन्हा जागी टाकावी लागते. इथे केवळ कातडी काढली, तर पापणी राहते तिथेच. बहुधा तेवढाच भाग बधिर करतात आणि मध्येच रोग्याला डोळे उघडायला लावून उंची जुळवतात. टाके आठवडाभरात निघतात. मात्र कातडी जास्त गेली तर डोळा नीट मिटत नाही. हात कसलेलाच हवा.

कल्पना तशी जुनीच. पापण्यांचे केस डोळ्यात टोचू लागले तर काय करावे, हे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे : भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग सोडून मधली कातडी जवाच्या आकाराची कापावी व केसाने शिवावी. रोग निराळा, पण काप आजच्याच्या किती जवळचा!

वाशीमकरांनी आधी जिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगावी. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी जड, असे असेल तर स्नायूंच्या दुखण्याची तपासणी हवी. आणि एकच पापणी एकाएकी पडली, डोके दुखू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

एरवी जाताना आजोबांचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो बरोबर न्यावा. पापणी केव्हापासून उतरू लागली, हे डॉक्टरला त्यावरून चटकन कळते.