एका छपराखालचे दोन काळ : प्रवाशाच्या दृष्टीतून अंदालुसियाचा वारसा

प्रस्तावना

स्पेनला २०२४ या एका वर्षात सुमारे ९ कोटी ४० लाख परदेशी पर्यटकांनी भेट दिली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आहे. म्हणजे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट पाहुणे. या पाहुण्यांपैकी बहुतेकांच्या मनात स्पेनचे एक चित्र आधीपासून तयार असते. त्यात गिटार असते, फ्लामेन्को असते, बैलांची झुंज आणि पांढरीशुभ्र घरे असतात. हे चित्र मुख्यतः दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांताचे आहे आणि ते बऱ्याच अंशी परकीयांनी रंगविलेले आहे. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग १८२९ मध्ये ग्रानादाच्या अलहम्ब्रा राजवाड्यात राहिला व १८३२ मध्ये त्याचे त्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. फ्रेंच लेखक मेरिमे याची ‘कार्मेन’ ही कथा १८४५ ची, तर तीवर आधारित बिझेची संगीतिका १८७५ ची. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात खुद्द स्पॅनिश शासनाने ‘स्पेन निराळा आहे’ या आशयाचे घोषवाक्य घेऊन हेच चित्र जगभर विकले.

या चित्राच्या मागे मात्र एक प्रदीर्घ आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत या द्वीपकल्पाच्या लहानमोठ्या भागावर मुस्लिम सत्ता होती. त्या काळाचे आजच्या स्पेनशी नाते काय? तो काळ स्पेनचाच, की स्पेनवर लादलेला? अंदालुसियातील वास्तू पाहणाऱ्या प्रवाशासमोर हा प्रश्न दगडांच्या रूपाने उभा असतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः कोर्दोबा आणि काही प्रमाणात ग्रानादा या दोन नगरांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

कोर्दोबाची मशीद-कॅथीड्रल

दमास्कसच्या उमय्याद घराण्याचा अब्बासींनी इ. स. ७५० मध्ये उच्छेद केला. त्या संहारातून निसटलेला राजपुत्र अब्द अल-रहमान याने ७५६ मध्ये कोर्दोबा येथे स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि ७८५ च्या सुमारास तेथे मोठ्या मशिदीचे काम सुरू केले. या जागी पूर्वी सान व्हिसेन्ते नावाचे चर्च होते, असे परंपरा सांगते. उत्खननात सापडलेल्या अवशेषांचा अर्थ कसा लावावा याविषयी पुरातत्त्वज्ञांत एकमत नाही. हा मतभेद निव्वळ विद्वानांपुरता नाही, हे पुढे दिसेल.

आत पाऊल टाकताच स्तंभांचे अरण्य दिसते. आज साडेआठशेहून अधिक स्तंभ शिल्लक आहेत. मूळ भागातील स्तंभ पूर्वीच्या रोमन व व्हिसिगॉथिक इमारतींतून आणलेले असल्याने त्यांचा रंग, घडण आणि शीर्षे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांची उंचीही एवढ्या विस्तीर्ण दालनाला अपुरी होती. ही अडचण कारागिरांनी कशी सोडविली हे नीट पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर दगडी खांब चढविला आणि कमानींचे दोन थर केले. वरची कमान छताचा भार घेते. खालची नालाकृती कमान अधांतरी असून ती दोन स्तंभांना परस्परांपासून ढळू देत नाही. मेरिदा येथील रोमन जलसेतूच्या रचनेत याचे बीज असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. कमानींत विटा आणि दगड आळीपाळीने बसविल्यामुळे तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची जी लय निर्माण झाली, तीच या वास्तूची ओळख ठरली.

मशीद पुढे तीन वेळा वाढविण्यात आली. दुसरा अल-हकम याने दहाव्या शतकात बांधलेला मिहराब हा तिचा कळस होय. त्यावरील सोनेरी मोझेकसाठी बायझंटाईन सम्राटाकडून कारागीर व काचेचे तुकडे मागविल्याची नोंद अरबी इतिवृत्तांत आढळते. म्हणजे खलिफाच्या मशिदीतील सर्वांत पवित्र स्थान ख्रिस्ती सम्राटाने पाठविलेल्या हातांनी सजले. शेवटचा विस्तार ९८७ नंतर वजीर अल-मन्सूर याने केला. दक्षिणेला नदी असल्याने त्याला पूर्वेकडे सरकावे लागले. त्यामुळे मिहराब आज वास्तूच्या मध्यावर नाही. शिवाय त्याच्या भागातील कमानी पूर्ण दगडी असून तांबडे पट्टे केवळ रंगविलेले आहेत. घाईगर्दीचा प्रवासी हा फरक न पाहताच पुढे जातो. ज्याला तो दिसतो त्याला राज्याच्या भरभराटीचा आलेखही दिसतो.

याच अल-मन्सूरने ९९७ मध्ये वायव्येकडील सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे तीर्थक्षेत्र लुटले. तेथील घंटा ख्रिस्ती बंदिवानांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणवून मशिदीत दिवे म्हणून टांगण्यात आल्या, असे इतिवृत्ते सांगतात. तिसऱ्या फर्नांदोने १२३६ मध्ये कोर्दोबा जिंकल्यावर त्याच घंटा मुस्लिम बंदिवानांच्या खांद्यांवरून परत पाठविल्या. सूडाची इतकी नेमकी समरूपता इतिहासात क्वचितच भेटते.

जिंकल्यानंतर मशिदीचे चर्च झाले, परंतु पावणेतीनशे वर्षे मूळ बांधणीत मोठी मोडतोड झाली नाही. १५२३ मध्ये बिशप आलोन्सो मान्रिके याने मधला भाग पाडून तेथे उंच कॅथीड्रल उभारण्याचे ठरविले. त्याला विरोध केला तो कोर्दोबाच्या ख्रिस्ती नगरपरिषदेने. पाडकामाला हात लावणाऱ्या कारागिराला देहदंड देण्याची ताकीद तिने काढली. प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सपर्यंत गेले व कौल बिशपच्या बाजूने लागला. पुढे काम पाहून सम्राटाला पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका आहे. मात्र त्याच सम्राटाने १५२७ मध्ये अलहम्ब्राच्या आवारात स्वतःचा अवजड राजवाडा सुरू करविला, हे लक्षात घेता तिच्यावर फारसा भार टाकू नये.

कॅथीड्रलने मशिदीचे हृदय कापले ही तक्रार खरी आहे. पण सेव्हिलचे उदाहरणही विसरता येत नाही. तेथील मोठी मशीद पाडून पंधराव्या शतकात अवाढव्य कॅथीड्रल बांधले गेले आणि मशिदीचे अंगण व खिराल्दा हा मिनार एवढेच उरले. कोर्दोबाची वास्तू टिकली, ती बहुधा वापरात राहिल्यामुळेच.

नावाचा प्रश्न

युनेस्कोने १९८४ मध्ये या वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २००६ मध्ये स्थानिक धर्मप्रांताने तिची स्वतःच्या नावावर मालमत्ता म्हणून नोंद केली. १९९८ मध्ये झालेल्या नियमबदलामुळे हे शक्य झाले होते (ती तरतूद २०१५ मध्ये रद्द झाली). नोंदणीचा खर्च अवघा ३० युरो आला, ही गोष्ट वादात वारंवार उगाळली गेली. दरम्यान प्रवाशांना मिळणाऱ्या माहितीपत्रकांतून ‘मशीद’ हा शब्द गळाला आणि नुसते ‘कॅथीड्रल’ उरले. त्याविरुद्ध नागरिकांनी मोठी सह्यांची मोहीम चालविली. अखेर जोडनाव परत आले. मुस्लिमांना येथे नमाज पढण्याची मुभा नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रियातून आलेल्या गटातील काही जणांनी तसा प्रयत्न केला, तेव्हा सुरक्षारक्षकांशी झटापट होऊन अटक झाली. सान व्हिसेन्तेच्या अवशेषांचा वाद केवळ विद्वानांचा का नाही, ते येथे उमगते : आधी कोण होते, यावर आज मालक कोण, हे ठरविण्याची धडपड चाललेली असते. भारतीय वाचकाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

८ ऑगस्ट २०२५ रोजी रात्री या वास्तूत आग लागली. अल-मन्सूरच्या भागातील, सामान ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका लहान प्रार्थनाकक्षाचे छत त्यात कोसळले. अग्निशमन दलाने ती वेळीच आटोक्यात आणली.

ग्रानादा : वाचता न येणाऱ्या भिंती

अलहम्ब्राची उभारणी १२३८ नंतर नासरी घराण्याने केली. सिंहांच्या प्रसिद्ध चौकाचे श्रेय पाचव्या मुहम्मदाकडे, म्हणजे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे जाते. डार्रो नदीचे पाणी काही किलोमीटर वरून कालव्याने, केवळ उताराच्या बळावर टेकडीवर आणलेले आहे. येथील भिंतींवरील नक्षीचा मोठा भाग हा वस्तुतः मजकूर आहे. ‘ईश्वरावाचून विजेता नाही’ या अर्थाचे घराण्याचे ब्रीद शेकडो वेळा कोरलेले आहे. इब्न झम्रक या कवी-वजिराची काव्ये कारंज्यावर आणि भिंतींवर आहेत. अरबी न जाणणाऱ्याला ती केवळ वेलबुट्टी वाटते. नासरी राजवाड्यांत तिकिटावर छापलेल्या वेळीच प्रवेश मिळतो. हाती असलेल्या मोजक्या वेळात छायाचित्रे काढावीत की एखादी ओळ समजून घ्यावी, याची निवड प्रवाशाला करावी लागते.

ग्रानादाचे राज्य २ जानेवारी १४९२ रोजी शरण आले. नोव्हेंबर १४९१ च्या करारात मुस्लिमांना धर्म, कायदा व मालमत्ता राखण्याचे स्पष्ट वचन होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोसने सामूहिक बाप्तिस्मे सुरू केले आणि अरबी ग्रंथांची होळी केली. १५०२ मध्ये कास्तील राज्यातील मुस्लिमांना धर्मांतर किंवा देशत्याग यांतून एक निवडण्यास सांगण्यात आले. आणि १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरितांचे वंशज, सुमारे तीन लाख लोक, हद्दपार झाले. ग्रानादा नगर आजही दरवर्षी २ जानेवारीला त्या शरणागतीचा उत्सव करते, आणि दरवर्षी त्याला विरोध करणारेही रस्त्यावर येतात.

या इतिहासाचे दोन परस्परविरोधी अर्थ विसाव्या शतकात मांडले गेले. आमेरिको कास्त्रो यांनी १९४८ मध्ये, मुस्लिम, ख्रिस्ती व ज्यू यांच्या सहजीवनातून स्पॅनिश स्वत्व घडले, असे प्रतिपादन केले. क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस यांनी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. दोघेही यादवी युद्धामुळे मायदेशाबाहेर राहून लिहीत होते. पर्यटन व्यवसायाने यांतील सहजीवनाचा भाग तेवढा उचलला व तो गोड करून टाकला. नवव्या शतकात कोर्दोबात सुमारे पन्नास ख्रिस्ती मारले गेले, १०६६ मध्ये ग्रानादात ज्यूंची कत्तल झाली, आणि कोर्दोबात जन्मलेल्या मायमोनिदीस या तत्त्वज्ञाच्या कुटुंबाला अल्मोहाद राजवटीत नगर सोडावे लागले. त्याचा पुतळा आज त्याच नगराची शोभा वाढवितो.

शब्दांचा प्रवास

वास्तूंविषयी वाद घालता येतो. भाषेविषयी तितका घालता येत नाही. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ म्हणतात. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर अशी तिची वाट आहे. ‘नारान्हा’ म्हणजे नारिंग. बुद्धिबळाचे नाव ‘आखेद्रेस’, ते अरबी शतरंजमार्फत चतुरंगापर्यंत पोचते. जकातघराला ‘आदुआना’ म्हणतात. मराठीतील दिवाण तो हाच. कालवा म्हणजे ‘आसेक्विया’, त्यात साकी या शब्दाचा पाणी पाजण्याचा धातू आहे. आणि अमक्या-तमक्यासाठी स्पॅनिश माणूस ‘फुलानो’ म्हणतो, तो मराठीतील ‘फलाणा’ होय.

शब्दांप्रमाणे माणसेही या वाटेने आली. ३१ मार्च १४९२ रोजी ग्रानादा येथे ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. तेव्हा स्पेन सोडून पोर्तुगालमध्ये आश्रय घेतलेल्या आणि तेथे पुढे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या एका दांपत्याचा मुलगा गार्सिया द ओर्ता. त्याने सालामांका व आल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १५३४ मध्ये तो गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता; मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता. भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून त्यांनाही अग्नी देण्यात आला. त्याच्या ग्रंथाचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद तोवर युरोपात वाचला जाऊ लागला होता.